पालिओचे सोळा बोल्ट

तक्रार नेहमीचीच होती. २००३ सालची फियाट पालिओ, १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, मुक्काम चिंचवड. ताशी ७० च्या पुढे गेलं की स्टीअरिंग थरथरायला लागायचं, ८० ला ते हाताला झोंबायचं आणि ९० च्या पुढे मालकाची हिंमत होत नसे. मालक म्हणजे आमच्या सोसायटीतले अण्णा, बँकेतून निवृत्त झालेले, गाडीची प्रत्येक पावती फायलीला लावणारे. त्या फायलीत व्हील बॅलन्सिंगच्या पावत्यांची चळतच होती. अलाइनमेंट झालं होतं, टाय रॉडचे एंड बदलले होते, एका ठिकाणी तर सस्पेन्शनचे बुशही बदलून झाले होते. थरथर होती तिथेच होती.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो, त्यामुळे घरी वर्नियर (बारीक मापं घ्यायची मोजपट्टी) असतो, एवढीच माझी पात्रता. पण अण्णांनी फाईल दाखवली तेव्हा एक गोष्ट खटकली. थरथर सुरू झाल्याची तारीख आणि अलॉय चाकं बसवल्याची तारीख यांत फारसं अंतर नव्हतं. गाडीला मुळात कंपनीची पत्र्याची १३ इंची चाकं होती. एका टायरच्या दुकानात सेकंडहँड १४ इंची अलॉय "एकदम नव्यासारखी" मिळाली, ती त्यांनी हौसेने चढवून घेतली. त्यानंतर जे जे काम झालं ते सगळं चाकाच्या आतल्या भागांचं झालं. चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या फिरत्या तुकड्याला, कशाने धरलंय, हे कुणी पाहिलं नव्हतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे बहुतेकांना सवय आहे ती नटांची. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांच्या हबमधून स्टड, म्हणजे आटे पाडलेले दांडे, बाहेर आलेले असतात. चाक त्यावर अडकवायचं आणि नट आवळायचे. आटे गेले तर स्टड ठोकून काढा, नवा बसवा, विषय संपला. फियाटचं तसं नाही. तिथे हबमध्येच आटे पाडलेली भोकं असतात आणि चाकातून बोल्ट आत जातो. म्हणजे चुकीचा बोल्ट दामटला तर स्टड जात नाही, हबच जातो. चाक चढवतानाही ते एका हाताने तोलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने भोक शोधायचं. त्यासाठी फियाटच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकची डिस्क धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एकाला पुढे आलेली खुंटी असते. चाकाच्या पाठीमागे तिच्यासाठी छोटं भोक असतं. कंपनीचं चाक त्या खुंटीवर अलगद बसतं, बाजारातल्या चाकाला ते भोक असेलच असं नाही.

पुढचं डावं चाक उतरवलं. चार बोल्ट बाहेर आले आणि फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. डोकी सगळी १७ च्या पान्याची, रंग साधारण सारखाच, गंजही सारखाच. लांबून पाहणाऱ्याला चारही भाऊ वाटले असते. पण दोघांचे आटे बारीक आणि दाट, उरलेल्या दोघांचे किंचित मोकळे. त्या मोकळ्या आट्यांच्या दोघांतही एकाचं बूड, म्हणजे डोक्याखालचा चाकाला टेकणारा भाग, शंकूसारखं निमुळतं, तर दुसऱ्याचं चेंडूसारखं गोल.

फियाटच्या त्या काळच्या गाड्यांचा बोल्ट म्हणजे एम१२ बाय १.२५. व्यास १२ मिलिमीटर आणि एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंत १.२५ मिलिमीटर. बूड ६० अंशांच्या शंकूचं. उनो, सिएना, पेट्रा, पालिओ, सगळ्यांचं हेच. त्याच व्यासाचा पण १.५ च्या आट्याचा बोल्टही खूप गाड्यांत वापरतात, आणि आपल्याकडे रस्त्यावर दिसलेली त्यातली एक म्हणजे ओपेल कोर्सा. तिलाही नट नाहीत, बोल्टच आहेत. टायरच्या दुकानात बोल्टवाल्या गाड्या मुळातच कमी येतात, त्यामुळे असे सुटे बोल्ट एकाच डब्यात पडतात. डब्यातून कुठला हातात येईल हे नशिबावर.

१.५ चा बोल्ट १.२५ च्या भोकात जातो का? पहिला दीड-दोन फेरा जातो, हीच खरी अडचण. मग अडतो. हाताने फिरवत असाल तर तिथे कळतं. टायरवाल्यांच्या हवेच्या गनने फिरवत असाल तर काहीच कळत नाही, गन त्याला आत ढकलत राहते आणि हबमधले आटे चिरडत जाते. शेवटी बोल्ट "टाइट" होतो. खरं तर तो रुतलेला असतो. आमच्या दोन बोल्टांच्या आट्यांत लोखंडाची बारीक चमकी अडकली होती, बोटाला टोचणारी. ती हबची होती.

आट्यांमधलं अंतर मोजणारं पिच गेज नसेल तर दहा आटे मोजून वर्नियरने अंतर घ्यावं: १२.५ आलं तर १.२५ चा, १५ आलं तर १.५ चा. पण टायरवाल्याच्या दुकानात याहून सोपं माप पडलेलं असतं. मारुतीचा नट. अल्टो, स्विफ्ट यांचा नट एम१२ बाय १.२५ च आहे. तो फियाटच्या बोल्टावर चिमटीने फिरवला की सरसर शेवटपर्यंत जातो. ह्युंदाईचा किंवा होंडाचा नट १.५ चा, तो अडकतो. अण्णांना हे फार आवडलं. स्विफ्ट डिझेलचं १.३ चं इंजिन मूळ फियाटचं, हे त्यांना माहीत होतं. नटातही नातं निघालं म्हणून खूश झाले. निव्वळ योगायोग आहे, सुझुकीने आटे काही इटलीला विचारून ठरवलेले नाहीत, पण माप म्हणून तो उत्तम चालतो.

बाकीची तीनही चाकं उतरवली. तिथले बाराही बोल्ट फियाटचेच निघाले, गाडीसोबत आलेले. म्हणजे परके बोल्ट फक्त दोन, दोन्ही पुढच्या डाव्या हबवर. दुकानात हरवले असतील, डब्यातून भरपाई झाली असेल. पण यावर थरथरीचं खापर फोडून मोकळं होता येईना. कारण उजवीकडचे चारही बोल्ट अस्सल असूनही त्या चाकाची बोल्टांची भोकं एका बाजूने घासली होती. शंकूची छाप गोल यायला हवी, ती आली होती अर्धवट, एका कडेला खोल आणि दुसऱ्या कडेला रंगसुद्धा न निघालेली.

चाक पालथं घातलं. पाठीवर मापं ओतलेलीच होती: ४ बाय १००.

फियाटचं माप ४ बाय ९८. म्हणजे चार बोल्टांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ९८ मिलिमीटर. हा आकडा जवळपास फियाट घराण्यापुरताच आहे. १०० चा आकडा मात्र जगभर पसरलेला. आपल्याकडे बाजारात लहान गाड्यांची जी अलॉय चाकं मिळतात त्यांत तो भरपूर. फरक व्यासात दोनाचा, म्हणजे प्रत्येक बोल्टाच्या जागी फक्त एक मिलिमीटरचा. त्यामुळे चाक चढतं. चारही बोल्ट लागतात. "साहेब, बसतोय ना भोकात, मग झालं की," असं म्हणणाऱ्याचंही डोळ्यांनी पाहिलं तर चुकत नाही.

चुकतं ते असं. पहिला बोल्ट आवळला की शंकू चाकाला आपल्याकडे ओढून आपल्यापुरतं मध्यावर आणतो. मग समोरचा बोल्ट आवळायला जावं तर त्याचा शंकू भोकाच्या कडेवर चढलेला. तो चाकाला उलटा ओढतो. शेवटी चौघांची जी काही तडजोड होते तिथे चाक थांबतं, आणि ती जागा हबचा मध्य नसते. वर बोल्ट तिरका ताण सोसतो तो वेगळाच. असे बोल्ट सैल पडतात, आणि सैल पडले नाहीत तर कधीतरी मानेशी तुटतात.

हबच्या मध्यावरचा उंचवटा चाकाच्या मधल्या भोकात घट्ट बसला असता तर चाक थोडंफार जागेवर राहिलं असतं. फियाटचा हा उंचवटा ५८.१ मिलिमीटरचा. या अलॉयचं भोक ६७ च्या वर. बाजारातली चाकं मुद्दाम मोठ्या भोकाची करतात, म्हणजे कुठल्याही गाडीला चढतील, आणि मधली फट भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग द्यायची असते. इथे रिंग नव्हतीच.

आता बॅलन्सिंगच्या पावत्यांचं कोडं सुटलं. बॅलन्सिंगचं मशीन चाक धरतं ते मधल्या भोकातून, शंकू घालून. बोल्टांची भोकं कुठे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मशीनवर चाक स्वतःच्या मध्याभोवती फिरतं आणि दोन्ही बाजूंना शून्य दाखवतं. दुकानदार खोटं बोलत नव्हते. तेच चाक गाडीवर चढलं की दुसऱ्याच मध्याभोवती फिरायचं. बॅलन्सिंग करून थरथर जराही बदलत नसेल तर आधी चाक हबवर कसं बसलंय ते पाहावं, बुश नंतर.

खुंटीचंही पाहिलं. डावीकडची कुणीतरी काढून साधा स्क्रू लावला होता. उजवीकडची जागेवर होती आणि चाकाच्या पाठीवरच्या खोबणीच्या काठाला घासत होती. नखाएवढी चकचकीत खूण पडली होती. तेवढ्यानेही चाक सपाट बसायला अडतं.

राहिली लांबी. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत धोक्याची गोष्ट हीच होती, आणि तिचा थरथरीशी संबंधही नव्हता. शंकूच्या बोल्टाची लांबी मोजतात ती शंकू संपतो तिथून टोकापर्यंत. या गाडीचे मूळ बोल्ट २२ मिलिमीटर भरले. पत्र्याच्या चाकात शंकूखाली पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर, त्यामागे डिस्कची जाडी सहाच्या आसपास, म्हणजे हबच्या आट्यांत बोल्ट १४ मिलिमीटर शिरतो. १.२५ ने भागा, अकरा फेरे. उत्तम. या अलॉयमध्ये शंकूखाली धातू १२ मिलिमीटर जाड. २२ मधून १२ आणि ६ वजा केले की उरतात चार. तीन फेरे! १.२५ च्या आट्याला किमान आठ फेरे हवेत असा दंडक आहे, १.५ च्या आट्याला साडेसहा. अण्णा तीन फेऱ्यांवर कुटुंबाला घेऊन महाबळेश्वरला जाऊन आले होते.

हे मोजायला वर्नियरसुद्धा लागत नाही. बोल्ट हाताने सैल करून सुटेपर्यंत फेरे मोजायचे, एवढंच. पान्यावर खडूची खूण केली की चुकत नाही.

मी अण्णांना सांगितलं, या चाकांवर गाडी आजपासून हलवायची नाही. त्यांनी माळ्यावरची पत्र्याची चाकं काढली. पण डाव्या हबची दोन भोकं चिरडलेली होती, त्यांना आधी मार्गी लावायला हवं होतं.

आमच्या मिस्त्रींनी एम१२ बाय १.२५ चा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मागवला. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो एम१२ चा साधा टॅप, आणि तो असतो १.७५ चा, तो इथे घातला असता तर उरलंसुरलं हबही गेलं असतं. योग्य टॅप हाताने, तेल लावून, मागच्या बाजूने फिरवला, कारण तिकडचे आटे शाबूत होते. एका भोकात आटे बऱ्यापैकी सावरले. दुसऱ्यात, जिथे तो गोल बुडाचा बोल्ट होता तिथे, अर्ध्याहून जास्त खोली सपाट झालेली. आतून स्प्रिंगसारखं वेटोळं घालून नवे आटे करता येतात, आणि नीट केलं तर ते टिकतंही. पण पुढच्या चाकाच्या हबवर मला ते करायचं नव्हतं, मिस्त्रींनाही नाही. जुन्या पेट्राचा हब भंगारातून आणला. हब प्रेसवर काढताना बेअरिंग बहुधा कामातून जातं, म्हणून बेअरिंग नवं घेतलं. या प्रकरणातला सगळ्यात मोठा खर्च हाच. दोन बोल्टांपायी.

अण्णांना मात्र अलॉयच हवी होती. नातवाने गाडीला नावं ठेवली होती, पत्र्याच्या चाकांवर ती "टॅक्सी" दिसते म्हणून. तर मग पर्याय काय?

पहिला म्हणजे हीच चाकं ठेवायची आणि हलत्या कॉलरचे बोल्ट वापरायचे, ज्यांना वॉबल बोल्ट म्हणतात. त्यात शंकू बोल्टापासून सुटा असतो आणि मिलिमीटरभर सरकतो, म्हणजे बोल्ट ९८ वर सरळ उभा आणि शंकू १०० वर नीट टेकलेला. युरोपात फियाटवाले हे सर्रास वापरतात. मला त्यांचा राग नाही, पण अटी आहेत: मधली रिंग घट्ट मापाची हवी, आणि बोल्टाच्या डोक्यावर ताकदीचा आकडा कोरलेला हवा, १०.९. आम्हाला इथे मिळाले त्या बोल्टांच्या डोक्यावर काहीच नव्हतं, नुसतं चकचकीत क्रोम. विक्रेता म्हणाला, "इंपोर्टेड आहे." ते आम्ही घेतले नाहीत.

दुसरा पर्याय चाकाची जुनी भोकं भरून ९८ वर नवी पाडायची. एका लेथवाल्याने तयारीही दाखवली. एक मिलिमीटर सरकवलेलं भोक म्हणजे जुन्याच भोकाची लांबट आवृत्ती, भरलेला धातू काय टिकणार? नाही म्हणून सांगितलं.

तिसरा, ९८ चीच चाकं शोधायची. फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवलंय, पण कुर्ल्यात आणि नंतर रांजणगावात बनलेल्या फियाट अजून पुण्या-मुंबईत बऱ्याच आहेत आणि भंगारातही येतात. पालिओच्या जीटीएक्स मॉडेलला कंपनीचीच १४ इंची अलॉय होती. ती चार मिळाली, एकाचा काठ थोडा खरचटलेला. हबवर ठेवलं की मधलं भोक "टप्" आवाज करून बसतं आणि हात सोडला तरी चाक पडत नाही. ४ बाय १०० ची चाकं एका कोर्सावाल्याने नेली. तिचं माप तेच, मधली रिंग घातली की तिथे ती बरोबर बसतात.

मग बोल्ट. जीटीएक्सच्या चाकात शंकूखाली धातू सात मिलिमीटर भरला. २२ चा मूळ बोल्ट घातला तर आत जातात नऊ मिलिमीटर, सात फेरे आणि थोडं. दंडकाला जरासं कमी. वापरणारे वापरतात, पण नवे घ्यायचेच होते तर कमी का घ्या? २६ चा घेतला तर १३ मिलिमीटर, दहा फेरे. हबची फ्लँज, म्हणजे बोल्टांची भोकं असलेली चकती, १२ मिलिमीटर जाड, म्हणजे टोक मागे एक मिलिमीटर बाहेर. चालेल.

नाना पेठेत एका जुन्या काउंटरवर बोल्ट मिळाले ते उनोचे, आटे बरोबर, शंकू बरोबर, लांबी २२. ते मी चार घेऊन ठेवले, का ते पुढे येईल. २६ चे मात्र दुकानदारांकडे नव्हते. ते म्हणाले, "अलॉयचा लांब पाहिजे तर बाहेरून मागवा. अन् भंगारातला घेतलात तर दोन बोल्ट आट्यात आटे घालून उजेडाला धरा." ही युक्ती खरोखर चांगली आहे. दोन बोल्ट आडवे ठेवून एकाचे आटे दुसऱ्याच्या खाचांत बसवायचे आणि खिडकीकडे धरून पाहायचं. दोन्ही धड असतील तर उजेडाची रेघ दिसत नाही. एखादा ओव्हरटाइट होऊन ताणला गेला असेल तर एका टोकाला जुळतो आणि दुसऱ्या टोकाला फट पडते. आमच्या चौदा जुन्या बोल्टांपैकी तीन असे ताणलेले निघाले, सगळे गनचे बळी.

मागवताना ऑर्डरमध्ये पाचही गोष्टी लिहिल्या: एम१२, १.२५, शंकू ६० अंश, शंकूखाली लांबी २६, डोकं १७ चं. आणि ताकद १०.९. गाडीचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. गाडीचं नाव लिहिलं की विक्रेता त्याच्या यादीत जे असेल ते पाठवतो, आणि यादीत पत्र्याच्या चाकाचा बोल्ट असतो. बॉक्स आल्यावर सोळाच्या सोळा बोल्टांवर मारुतीचा नट फिरवून पाहिला. अण्णांनीच फिरवला, मला हात लावू दिला नाही.

बसवताना हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासून गंज काढला, डावीकडे खुंटी परत लावली, बोल्ट सगळे हाताने शेवटपर्यंत घेतले. आटे कोरडे. टायरवाले तेलात बुडवून बोल्ट लावतात, पण तेल लावलं की त्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या त्याच जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो. मग समोरासमोरचे असे आळीपाळीने टॉर्क रेंचने ८६ न्यूटन-मीटर. गाडी जॅकवर असतानाच, हँडब्रेक सोडून प्रत्येक चाक हाताने फिरवून कान लावला. मागे ड्रमच्या आत ब्रेकशूज असतात, बोल्ट लांब झाला तर टोक तिथे घासतं. आवाज नव्हता.

१०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा टॉर्क पाहिला. दोन बोल्ट किंचित फिरले, बाकी जागेवर. ८० ची थरथर गेली. ९५ च्या आसपास थोडी जाणवते. ती टायरची आहे, टायर जुने आहेत आणि गाडी बरेच दिवस एकाच जागी उभी होती.

आता स्टेपनी. ती अजून पत्र्याचीच आहे. पंक्चर झालं आणि अण्णांनी अलॉयचे २६ चे बोल्ट पत्र्याच्या चाकाला लावले, तर टोक फ्लँजच्या मागे सहा मिलिमीटर बाहेर येईल, आणि मागच्या चाकाला ते थेट ब्रेकमध्ये घुसेल. चाक फिरणार नाही, किंवा फिरेल आणि आतलं काहीतरी तोडेल. उनोचे २२ चे चार बोल्ट घेतले होते ते यासाठी. ते कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या मधल्या भोकात बांधून ठेवलेत, पिशवीवर मार्करने लिहिलंय: "फक्त पत्र्याच्या चाकाला. गन नको." पंक्चरवाला ते वाचेलच याची खात्री नाही, म्हणून अण्णा पंक्चर काढायला आता स्वतः शेजारी उभे राहतात.